वकिलाच्या कार्यालयातून कागदपत्रे फुटली, तर अशिलापुढे कोणते कायदेशीर मार्ग आहेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील एका वकिली फर्मकडे प्रश्नकर्त्यांच्या वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा चालू आहे आणि त्यांच्या बहिणीच्या घटस्फोटाचे कामही त्याच फर्मकडे आहे. गेल्या महिन्यात फर्मने ई-मेल पाठवून कळवले की कार्यालयाच्या सर्व्हरमध्ये अनधिकृत प्रवेश झाला असून अशिलांची काही कागदपत्रे बाहेर गेली असण्याची शक्यता आहे. ग्राहक आयोगात जाता येईल का, भरपाई मिळते का, वकील बदलावा का, आणि दाव्यात प्रतिवादी असलेल्या चुलत भावाची कागदपत्रेही त्याच सर्व्हरवर होती तर त्याला काही हक्क आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

ग्राहक आयोगाचा विचार आधी बाजूला ठेवावा. 'बार ऑफ इंडियन लॉयर्स विरुद्ध डी. के. गांधी' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी असा निर्णय दिला की वकील आणि अशील यांच्यातील करार हा वैयक्तिक सेवेचा करार असल्यामुळे वकिलाच्या सेवेतील त्रुटीची तक्रार ग्राहक संरक्षण कायद्याखाली चालत नाही. आजही अनेक जण आधी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतात, तो फेटाळला जाईपर्यंत वर्ष निघून जाते आणि दरम्यान पुरावा नष्ट झालेला असतो. त्याच निकालावरून वकिलावर कुठलाही दावा चालत नाही असा समज पसरला आहे, तो मात्र चुकीचा आहे. लीगल प्रॅक्टिशनर्स (फीज) ॲक्ट, १९२६ हा छोटासा कायदा अजून अमलात आहे आणि त्याचे कलम ५ सांगते की व्यावसायिक कर्तव्य बजावताना केलेल्या निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानीबद्दल केवळ वकील आहे म्हणून कोणालाही दाव्यातून सूट मिळत नाही. म्हणजे दिवाणी न्यायालयाचे दार उघडे आहे. मुदत साधारणपणे ३ वर्षांची आहे.

कोणताही मार्ग निवडण्यापूर्वी पुरावा जपला पाहिजे, आणि यात दिवस मोजून वागावे लागते. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत सर्ट-इनला कळवावी लागते आणि संगणक प्रणालीचे लॉग, म्हणजे वापराच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, १८० दिवस जपून ठेवावे लागतात. कोण, केव्हा, कुठून आत आले आणि किती माहिती बाहेर गेली, हे सांगणारा खरा साक्षीदार म्हणजे हे लॉग होत. १८० दिवसांनंतर ते पुसले गेले तर पुढे कोणत्याही न्यायासनासमोर फर्म एवढेच म्हणेल की नेमके काय गेले ते आता सांगता येत नाही. म्हणून याच आठवड्यात फर्मला लेखी पत्र द्यावे, ई-मेलनेही आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टनेही. प्रवेश कोणत्या तारखेला झाला आणि फर्मला तो कधी कळला, आपल्या कोणत्या फाइली त्या सर्व्हरवर होत्या, सर्ट-इनला कधी कळवले, पोलिसांत फिर्याद दिली का, बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासणी केली असल्यास तिचा अहवाल कुठे आहे, हे सर्व त्यात विचारावे. लॉग, सर्व्हरच्या प्रती आणि तपासणी अहवाल नष्ट करू नयेत अशी स्पष्ट सूचना द्यावी. फर्मकडे व्यावसायिक दायित्वाचा किंवा सायबर जोखमीचा विमा आहे का आणि विमा कंपनीला कळवले आहे का, हेही विचारावे, कारण शेवटी तडजोड झाली तर पैसे बहुधा तिथूनच येतात. लहान कार्यालयाविरुद्ध कोट्यवधींचा हुकूम मिळवून तो वसूल करता येत नसेल, तर त्या हुकुमाचा काही उपयोग नाही.

या पत्रात सुरक्षेविषयी नेमके काय विचारायचे, हे इंग्लंडमधील टकर्स सॉलिसिटर्स या फौजदारी कामे करणाऱ्या फर्मच्या प्रकरणावरून चांगले कळते. ऑगस्ट २०२० मध्ये तिच्यावर रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाला, ९ लाखांहून अधिक फाइली कुलूपबंद झाल्या आणि न्यायालयीन कागदपत्रांचे ६० संच चोरट्यांनी डार्क वेबवर टाकले. त्यांत वैद्यकीय नोंदी, साक्षीदारांचे जबाब, पीडितांची नावे असा मजकूर होता. २०२२ मध्ये तिथल्या माहिती आयुक्त कार्यालयाने फर्मला ९८,००० पौंडांचा दंड केला, आणि आयुक्तांनी दाखवलेले दोष अगदी साधे होते: दूरस्थ प्रवेशासाठी पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी नव्हती, सॉफ्टवेअरमधील ज्ञात त्रुटीची दुरुस्ती कित्येक महिने उशिरा बसवली होती आणि संग्रहित कागदपत्रे एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात ठेवलेली, नव्हती. हे तीनही प्रश्न आपल्या पत्रात जसेच्या तसे घालावेत. आपल्याकडील बहुतेक कार्यालयांत सगळ्या कारकुनांचा एकच पासवर्ड असतो आणि जुन्या, निकाली फाइली वर्षानुवर्षे तशाच पडून असतात. 'हल्ला फार प्रगत होता, आम्ही काय करणार' हे उत्तर अशा वेळी टिकत नाही.

आता भरपाईकडे वळतो. सध्याच्या घडीला सर्वांत थेट मार्ग माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३-एचा आहे. संवेदनशील वैयक्तिक माहिती हाताळणाऱ्या संस्थेने वाजवी सुरक्षा राखण्यात निष्काळजीपणा केला आणि त्यामुळे कोणाचे गैरमार्गाने नुकसान झाले, तर त्या व्यक्तीला भरपाई देण्याची जबाबदारी त्या संस्थेवर येते. या कलमातील संस्थेच्या व्याख्येत कंपनीबरोबर भागीदारी फर्म, एकल मालकी आणि व्यावसायिक काम करणारे व्यक्तींचे संघ येतात, त्यामुळे वकिली फर्म त्यात बसते. एकटे काम करणारे वकील आपण या व्याख्येत येत नाही असा मुद्दा काढतील, पण माझ्या मते तिची भाषा त्यांनाही सामावून घेण्याइतकी व्यापक आहे. या कलमाला रकमेची कमाल मर्यादा नाही. ५ कोटी रुपयांपर्यंतची मागणी कलम ४६ खालच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे करायची असते. महाराष्ट्रात हा अधिकार राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांकडे, म्हणजे मंत्रालयात आहे. शुल्क मागणीच्या रकमेनुसार लागते, अर्ज शक्यतो ४ ते ६ महिन्यांत निकाली काढावा असे नियम सांगतात, आणि निकालाविरुद्ध ४५ दिवसांत दिल्लीच्या टीडीसॅट या न्यायाधिकरणाकडे अपील करता येते.

हा मार्ग केवळ कागदावरचा नाही. २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्यांनी पुण्यातील एका उद्योगाच्या खात्यातून फसवणुकीने पैसे गेल्याच्या प्रकरणात पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला होता. तक्रारदाराने फसव्या ई-मेलला उत्तर दिले होते म्हणून नुकसानाचा काही भाग त्याच्यावरही ठेवला गेला, हे विसरू नये. फर्मचा इशारा आल्यानंतर आपण बँकेचे पासवर्ड बदलले नाहीत आणि महिन्याभराने खाते रिकामे झाले, तर हाच युक्तिवाद आपल्याविरुद्ध वापरला जाईल. त्यामुळे पासवर्ड बदलणे, आधारचे बायोमेट्रिक लॉक करणे, पतअहवाल तपासणे या गोष्टी ताबडतोब कराव्यात आणि केल्याची नोंद ठेवावी.

कलम ४३-एला दोन मर्यादा आहेत आणि त्या अर्ज लिहिण्यापूर्वी समजून घेतल्या पाहिजेत. पहिली माहितीच्या प्रकाराची. २०११ च्या नियमांनुसार पासवर्ड, बँक खाते व कार्ड यांसारखी आर्थिक माहिती, शारीरिक व मानसिक आरोग्याची स्थिती, वैद्यकीय नोंदी, लैंगिक कल आणि बायोमेट्रिक माहिती एवढीच संवेदनशील मानली जाते, आणि जे सार्वजनिक रीतीने उपलब्ध आहे ते तिच्यातून वगळले आहे. त्यामुळे आपल्या जमिनीच्या फाइलमधील सातबारा आणि फेरफार बाहेर गेले याबद्दल या कलमाखाली काही मिळणार नाही, कारण ते कोणालाही महाभूलेखवर पाहता येतात. त्याच फाइलमधील बँकेची विवरणपत्रे मात्र बसतात. बहिणीच्या फाइलमध्ये डॉक्टरांचे अहवाल, समुपदेशनाच्या नोंदी, पोटगीच्या अर्जासोबत दिलेले उत्पन्नाचे आणि खात्यांचे तपशील असतील, तर तिचा अर्ज आपल्या अर्जापेक्षा कितीतरी भक्कम आहे. म्हणून दोघांनी एकच अर्ज न करता स्वतंत्र अर्ज करावेत. दुसरी मर्यादा नुकसानीची. निव्वळ मनस्तापाला, 'आता काय होईल' या धास्तीला या कलमाखाली पैसा मिळवणे अवघड आहे. खात्यातून गेलेली रक्कम, आपल्या कागदांवर काढलेले खोटे कर्ज, तडजोडीत सोसावा लागलेला तोटा, सावरण्यासाठी केलेला खर्च असे काही पावत्यांसह दाखवावे लागते. इंग्लंडच्या कायद्यात मानसिक त्रासही भरपाईस पात्र धरला आहे आणि तिथे राहणाऱ्या मराठी वाचकांचे काम तिथल्या फर्मकडे असेल तर त्यांनी तो हक्क जरूर वापरावा. आपल्याकडे तसे स्पष्ट शब्द नाहीत.

फर्मने अशील होताना आपल्याशी लेखी करार केला असेल, तर तो शोधून काढावा. वाजवी सुरक्षा म्हणजे काय हे ठरवताना कायदा आधी पक्षांमधील कराराकडे पाहतो. करार नसेल तर २०११ च्या नियमांतील नियम ८ लागू होतो आणि सक्षम यंत्रणेने विचारल्यावर आपण लेखी सुरक्षा धोरणानुसार उपाय प्रत्यक्ष केले होते हे दाखवण्याचा भार फर्मवर येतो. सायबर बाबतीत अशिलाकडे फर्मच्या आतली माहिती नसते, त्यामुळे या नियमाचे मोल मोठे आहे.

आता मुख्य इशारा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कायदा टप्प्याटप्प्याने अमलात येत आहे. सध्याच्या अधिसूचनेनुसार १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, या कायद्याच्या मुख्य तरतुदी लागू होतील आणि त्याच दिवशी माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ४३-ए वगळले जाईल. नव्या कायद्यात सुरक्षेतील कुचराईला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, आणि वृत्तपत्रांतून हा आकडा वाचून लोकांना वाटते की त्यातले काही आपल्याला मिळेल. तसे नाही. दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते आणि ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही. ज्याचे नुकसान झाले त्यालाच रिकाम्या हाताने परत पाठवणारी ही रचना मला अन्याय्य वाटते, पण आज कायदा असा आहे. जुन्या कलमाखाली आधीच निर्माण झालेला हक्क सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या (जनरल क्लॉजेस ॲक्ट) कलम ६ मुळे शाबूत राहतो असा युक्तिवाद करता येईल आणि तो चांगला आहे. तरीही तो करण्याची वेळ स्वतःवर आणू नये. ज्यांना कलम ४३-एखाली जायचे आहे त्यांनी मे २०२७ च्या पुरेसे आधी अर्ज दाखल करावा.

नव्या कायद्याबद्दल आणखी एक गोष्ट वकिली फर्मच्या बाबतीत विशेष महत्त्वाची आहे. माहिती फुटल्यास प्रत्येक बाधित व्यक्तीला विनाविलंब आणि या कायद्याखालच्या माहिती संरक्षण मंडळाला ७२ तासांत सविस्तर कळवण्याचे बंधन त्यात आहे. पण कलम १७ मध्ये कायदेशीर हक्क किंवा दावा बजावण्यासाठी आवश्यक असलेल्या माहितीच्या हाताळणीला मोठी सूट दिली आहे. ही सूट असली तरी सुरक्षा राखण्याचे बंधन कायम राहते. कळवण्याच्या बंधनाचा मात्र तसा उल्लेख नाही. उद्या एखादी फर्म म्हणू शकेल की दाव्याच्या फाइलपुरते आम्ही अशिलाला कळवण्यास बांधील नव्हतो. न्यायालये हे कसे वाचतील ते पुढे ठरेल, पण आतापासून वकीलपत्र देताना, माहिती फुटल्यास अमुक दिवसांत लेखी कळवले जाईल, अशी एक ओळ करारात घालून घेणे शहाणपणाचे आहे.

दिवाणी दावा हा दुसरा मार्ग. करारभंग आणि निष्काळजीपणा या दोन्ही आधारांवर तो करता येतो, मात्र कलम ४३-एखाली येणाऱ्या भागाबाबत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६१ दिवाणी न्यायालयाला अधिकार नाही असे सांगते आणि प्रतिपक्ष पहिल्याच तारखेला ती हरकत घेईल. म्हणून संवेदनशील माहितीची भरपाई न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे मागावी आणि फी परत मागणे, गोपनीयतेच्या कराराचा भंग, मनाई हुकूम अशा मागण्या न्यायालयात कराव्यात. बाधित अशील पुष्कळ असतील तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १, नियम ८ खाली न्यायालयाच्या परवानगीने प्रतिनिधिक दावा लावता येतो. कागद कुठे प्रसिद्ध होत असतील तर मनाई हुकूम हे सर्वांत तातडीचे हत्यार आहे. चोर कोण हे माहीत नसले तरी अनोळखी प्रतिवादीविरुद्ध आणि कागद जिथे ठेवले आहेत त्या माध्यमाविरुद्ध तो मागता येतो. स्टार हेल्थ या विमा कंपनीच्या ग्राहकांची माहिती टेलिग्रामवर फिरू लागली तेव्हा सप्टेंबर २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने असाच अंतरिम आदेश दिला होता.

वकिलाच्या वर्तनाबद्दलची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे, ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम ३५ खाली करता येते. ताकीद, ठरावीक काळासाठी निलंबन किंवा सनद रद्द करणे असे अधिकार शिस्तपालन समितीला आहेत. एका वर्षात निकाल लागला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. इथे मी अशिलांना सावध करतो. समितीकडून पैसे मिळत नाहीत, आणि निव्वळ निष्काळजीपणाला, त्यात नैतिक अधःपतन नसेल तर, न्यायालयांनी सहसा व्यावसायिक गैरवर्तन मानलेले नाही. सर्व्हरवर दरोडा पडला एवढ्यावर सनद जात नाही. पण फर्मने घटना महिनोन्महिने दडवली, खोटे सांगितले, किंवा कार्यालयातल्याच कोणी कागद विकले आणि वकिलाने त्याकडे डोळेझाक केली, तर चित्र बदलते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ प्रमाणे अशिलाचे बोलणे आणि कागद गुप्त ठेवण्याचे बंधन वकिलावर आहे आणि ते त्याच्या कारकुनांना व कर्मचाऱ्यांनाही लागू आहे.

पोलिसांकडे फर्मने फिर्याद दिली असली तरी आपलीही स्वतंत्र तक्रार सायबर पोलीस ठाण्यात द्यावी. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे, कारण पैसे मधल्या खात्यात गोठवता आले तर पहिल्या काही तासांतच येतात. कोणी कागद दाखवून पैसे मागत असेल तर ती खंडणी आहे. पैसे देऊ नयेत आणि संदेश पुसून टाकू नयेत.

वकील बदलावा का, याचे उत्तर मी सरसकट देणार नाही. वाटपाचा दावा पुराव्याच्या टप्प्यावर असेल आणि वकील तयारीचे असतील, तर केवळ रागापोटी बदलून आपलेच नुकसान होते. परंतु या घटनेबाबत काय करावे याचा सल्ला त्याच फर्मकडून घेऊ नये, कारण तिचे हित आणि आपले हित इथे वेगळे झाले आहे. बदलायचेच ठरले आणि फी बाकी आहे म्हणून फाइल अडवून धरली, तर सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच ठरवले आहे की थकीत फीसाठी वकिलाला अशिलाची फाइल ताब्यात ठेवता येत नाही. फर्मने 'आमची काही तक्रार नाही' अशा मजकुरावर सही मागितली तर करू नये, मग सोबत फीमध्ये सवलत देऊ केलेली असली तरी.

बहिणीच्या प्रकरणात खरी भीती वेगळी आहे: तिने वकिलाला लिहिलेले खासगी टिपण पतीच्या हाती लागले आणि त्याने ते कौटुंबिक न्यायालयात हजर केले तर. आपल्याकडे चोरीने मिळवलेला पुरावा केवळ तेवढ्या कारणाने बाद होत नाही, आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पती-पत्नीमधील गुपचूप ध्वनिमुद्रित केलेले संभाषणही वैवाहिक प्रकरणात पुराव्यात घेता येते असे म्हटले आहे. त्यामुळे असा कागद दिसताच त्याच तारखेला लेखी हरकत नोंदवावी, तो वकील-अशील संवाद असल्याचे आणि फर्ममधून चोरीला गेल्याचे फर्मच्या ई-मेलसह दाखवावे आणि तो अभिलेखातून काढण्याची मागणी करावी. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ११ नुसार एका पक्षाने मागणी केली तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावीच लागते; तो अर्ज तिने आजच द्यावा, कागद फुटल्याचे सिद्ध होण्याची वाट पाहू नये.

राहिला चुलत भावाचा प्रश्न. अमेरिकेतील ऑरिक या मोठ्या फर्ममधून २०२३ मध्ये ६ लाखांहून अधिक लोकांची माहिती चोरीला गेली, तेव्हा त्यांतले बहुसंख्य लोक तिचे अशील नव्हतेच. दंत व नेत्र विम्याच्या ज्या कंपन्या तिच्या अशील होत्या त्यांचे ते ग्राहक होते. त्यांनी सामूहिक दावे लावले आणि २०२४ मध्ये ८० लाख डॉलरवर तडजोड झाली. आपल्याकडेही कलम ४३-ए भरपाई 'बाधित व्यक्तीला' देते, तिथे अशील असण्याची अट नाही. म्हणून प्रतिवादी असला तरी त्याची बँकेची किंवा वैद्यकीय माहिती फर्मच्या सर्व्हरवरून गेली असेल, तर तो आपल्या फर्मविरुद्ध स्वतंत्र अर्ज करू शकतो. करारभंगाचा दावा आणि वकील-अशील गोपनीयतेचा आधार मात्र त्याला मिळणार नाही. सर्व्हरवर त्याचे काय होते हे त्याला आपल्या पत्राला आलेल्या उत्तरावरूनच कळेल, आणि ते उत्तर त्याला दाखवायचे की नाही हे वाटपाच्या दाव्यावर काय परिणाम होईल ते पाहून, या कामासाठी नेमलेल्या दुसऱ्या वकिलाला विचारूनच ठरवावे.